वडिलांकडची माणसं शोधताय? सातबारा वाचा, पण दारात त्याचं नाव काढू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचे वडील सत्तर सालाच्या आसपास गावाहून मुंबईत आले, लालबागला गावच्या पोरांबरोबर खोलीत राहिले, गिरणीत बदलीवर लागले, १९७९ ला तुमच्या आईशी लग्न केलं, आई दुसऱ्या जातीची, आणि त्यानंतर घरात गावाचा विषय कधी निघाला नाही. ८२ चा संप झाला, गिरणी गेली, मग वॉचमनची नोकरी. दोन वर्षांपूर्वी ते वारले. आता तुमच्या हातात परळच्या रात्रशाळेचा दाखला आहे, एक पत्र्याची ट्रंक आहे जी तुम्ही अजून नीट उघडलेली नाही, आणि आईला एवढंच आठवतंय की त्यांना एक बहीण होती, दर दिवाळीला तिच्यासाठी साडी घ्यायचं म्हणायचे आणि घ्यायचे नाहीत. काका-आत्या कुठे असतील, कसे शोधायचे, आणि दाखल्यावर जन्मस्थळापुढे पुसट ‘ता. म…, जि. कुलाबा’ असं आहे म्हणजे वडील मूळचे कुलाब्याचेच का, हा तुमचा प्रश्न.

शेवटचं आधी संपवते. नाही. जि. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा. १९८१ पर्यंत त्या जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं. तेव्हा कफ परेडला कोणाला विचारत फिरू नका, तुमची गाडी पनवेलच्या पुढे जाणार आहे. आणि म वरून रायगडमध्ये तालुके चारच, महाड, माणगाव, म्हसळा, मुरूड. अक्षर पुसट असलं तरी म ला काना आहे का, उकार आहे का हे भिंग घेऊन बघा, तिथेच निम्मं काम होईल.

मी वकील नाही. एका वकिलांच्या ऑफिसात २४ वर्षं वारस शोधायचं काम करतेय. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली की भाडेपावती ज्याच्या नावावर असते तो माणूस कधीच वर गेलेला असतो, त्याची पोरं कोण विरारला, कोण गावी, कोणाचा पत्ताच नाही, आणि या सगळ्यांना गोळा केल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. ती गोळा करणारी बाई म्हणजे मी. तर त्या अनुभवावरून सांगते.

माणसं सापडतात. खरंच सांगते, आपल्याकडे गाव कळलं की माणूस सापडायला महिना पुरतो. अडतं ते पुढे. पन्नास वर्षांनी तुम्ही दारात उभे राहिलात आणि ‘मी अमक्याचा मुलगा’ म्हणालात की आतल्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं माहितेय? ‘हिस्सा मागायला आला.’ प्रेम असतं, रडू पण येतं, पण त्या सगळ्याच्या आधी हे येतं. त्यात त्यांची काही चूक नाही, हल्ली मुंबई-गोवा हायवेच्या बाजूच्या जमिनींना भाव आल्यापासून मुंबईचे किती पुतणे अचानक गावाला जायला लागलेत ते त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून शोधतानाच हे डोक्यात ठेवून शोधायचं, की मी आत कुठल्या दाराने जाणार.

बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे हे कबूल. वडील नक्की कशावरून तुटले? लग्नावरून असेल तर ज्यांनी तोडलं ती पिढी आता बहुतेक गेलेली असेल आणि पुढच्यांना त्याचं काही पडलेलं नसेल. जमिनीवरून असेल तर पुढची पिढीच जास्त कडक असते. तुम्ही लग्न धरून चाललाय कारण आई तसं सांगते, पण आईला जे सांगितलं गेलं तेवढंच तिला माहीत. दोन्ही शक्यता उघड्या ठेवा.

सुरुवात ट्रंकेपासून. कुठल्याही साइटवर जायच्या आधी ट्रंक, आणि आईला शेजारी बसवून, कारण एखादी वस्तू बघितली की तिला असं काही आठवेल जे नुसतं विचारून आठवत नाही. मनीऑर्डरची पोचपावती, म्हणजे पैसे पोचल्यावर सही होऊन गावाहून परत येणारा कागद, मिळाली तर सोनं. गिरणीतला माणूस तुटला तरी आईला पैसे पाठवायचा, पुष्कळ जण बायकोलाही न सांगता पाठवायचे. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं, आणि गावाकडच्या पोस्टाचा शिक्का असतो. शिक्क्यातलं पोस्ट ऑफिस वाचता आलं की पाच-सात गावांच्या आत आलात. जुन्या लग्नपत्रिका टाकू नका, खाली ‘आपले नम्र’ मध्ये अख्खी भावकी छापलेली असते. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो. गिरणीचा पास, ईएसआयसीचं कार्ड, तिकीट नंबर लिहिलेला कागद असला तर जपून ठेवा, गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराचा अर्ज कधी भरला होता का तेही आईला विचारा, कारण त्या अर्जाबरोबर लोकांनी जुने जुने कागद शोधून झेरॉक्स काढलेले असतात आणि ते एकाच पिशवीत मिळतात.

आणि आहेराची वही. एका कामात मला एका बाईची चुलत नणंद हवी होती, नाव फक्त ‘बेबी’ एवढंच माहीत. सगळे कागद झाले, काही नाही. शेवटी माळ्यावरून १९७४ सालच्या लग्नातली आहेराची वही निघाली, वाळवीने कोपरा खाल्लेला, त्यात जांभळ्या शाईत लिहिलेलं होतं, ‘बेबी, पाचाडवाली, पातेलं १ झाकणासकट’. झालं. पाचाड, रायगडाच्या पायथ्याचं. तिथे जाऊन बेबी नाव कोणाला कळलं नाही पण अमक्या घरातून दिलेली सून म्हटल्यावर दुसऱ्याच माणसाने घर दाखवलं. आपल्याकडे बाईचं नाव लग्नात बदलतं, माहेरचं गाव बदलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दाखल्याचं म्हणाल तर तो शेवट नाही, तो साखळीतला पहिला दुवा. रात्रशाळेत जाऊन जनरल रजिस्टरची नोंद बघायला मागा, अर्ज द्या, मुलगा आहे म्हणून पुरावा जोडा. रजिस्टरमध्ये आधीची शाळा लिहिलेली असते. ती बहुधा गावची जीवन शिक्षण मंदिर किंवा जिल्हा परिषदेची शाळा निघेल, म्हणजे गाव मिळालं. शाळा बंद पडली असेल तर दप्तर कुठल्या शाळेकडे किंवा शिक्षण विभागाकडे दिलं ते विचारावं लागेल, दोन-तीन खेपा होतील, चिडू नका.

याला समांतर एक काम करा, मला तर हेच सगळ्यात लवकर फळतं. लालबागच्या त्या चाळीत जुनं कोणी उरलंय का बघा, आणि विचारा की वडील राहायचे ती खोली कुठल्या गावची होती. वडिलांचं नाव नंतर, आधी खोलीचं गाव. गिरणगावात खोल्या गावावर चालायच्या, एका दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे, आणि सगळे एका गावचे किंवा निदान एका पंचक्रोशीतले. त्या गावांची मंडळं अजून आहेत, ‘अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई’. माणसं डोंबिवली, नालासोपारा, दिव्याला गेली, पण मीटिंगला रविवारी परळ-शिवडी-नायगावकडेच येतात. मंडळाकडे वर्गणीचं पुस्तक असतं, वाडीवार, घरवार. देवळाच्या जीर्णोद्धाराला कोणी किती दिले ते तीस-चाळीस वर्षांचं लिहिलेलं असतं. एका गावच्या सेक्रेटरीने मला ते पुस्तक समोर धरून बोटाने दाखवत सगळी वाडी सांगितली होती, हा वारला, हा गुजरातला, हिचा मुलगा बेस्टमध्ये ड्रायव्हर. कुठल्याही सरकारी साइटवर हे मिळणार नाही.

आता सातबारा. गाव कळलं की महाभूलेखवर, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटवर, जिल्हा, तालुका, गाव निवडून नावावरून शोधायची सोय आहे, पैसे लागत नाहीत. दोन गोष्टी सांगते ज्या नवीन माणसाला कळत नाहीत. एक, नाव जसं तुम्हाला माहीत तसं तिथे नसेल. पांडुरंग तिथे पांडू असतो, धोंडिराम धोंडू, कधी ‘उर्फ’ लावून भलतंच. आडनावही वेगळं असू शकतं, कारण मुंबईत शाळेत घालताना गावावरून ‘कर’ लावलेला आणि गावच्या दप्तरी जुनंच राहिलेलं, हे कोकणात सर्रास. म्हणून आजोबांच्या नावाने आणि नुसत्या आडनावाने पण शोधा. दोन, नावाआधीची अक्षरं वाचायला शिका. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी मागे भाऊ आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता, नोंद झाली तेव्हा कोणीतरी लहान मूल होतं आणि हा त्याचा पालक.

पण सातबाऱ्यावर थांबू नका, फेरफार काढा, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव कधी आणि कशावरून बदललं त्याची नोंद. आजोबा वारल्यावर वारस नोंदीचा फेरफार झाला असेल तर त्यात सगळे वारस एकाखाली एक असतात, मुलगे, विधवा, आणि मुली सासरच्या नावासकट. ज्या आत्याचं नुसतं घरातलं नाव आईला आठवतंय ती तिथे सौ. अमुक तमुक म्हणून सापडेल. जुने फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सरकारी साइटवर टाकलेत, सगळ्या तालुक्यांचे मिळतीलच असं नाही, नाही मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. बहिणींनी हक्कसोड पत्र करून दिलं असेल तर त्याचाही फेरफार असतो आणि मूळ दस्त मिळाला तर त्यात वय, पत्ता सगळं. तिथे तुमच्या वडिलांचं नावही असू शकतं. कोकणातल्या सामाईक खात्यावर पस्तीस-चाळीस नावं असतात, त्यात तिसाव्या ओळीत अचानक बापाचं नाव दिसलं की भलेभले गप्प होतात. नसेल तर नसेल, ते गाळलं का राहिलं त्याचा निकाल स्क्रीनसमोर बसून लावायचा नाही.

जमीनच नसेल घराची तर? पुष्कळांची नसते, कुळाची किंवा खोताची कसत आले. मग ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टीचा, त्यात घर कोणाच्या नावावर आहे ते असतं. मतदार याद्यांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि घर क्रमांक येतो, गाव लहान असेल तर अर्ध्या तासात अख्खी यादी वाचून होते. डीएनए टेस्ट करा असंही कोणीतरी सुचवेल. सख्ख्या चुलत भावंडांचा साधारण १२.५ टक्के डीएनए जुळतो हे बरोबर आहे, पण जुळायला तुमच्या चुलत भावानेही टेस्ट केलेली पाहिजे ना, आणि महाडकडच्या वाडीत कोणी थुंकी पाठवून बसलेलं नाही. पैसे वाचवा, एसटीला वापरा.

हे रायगडपुरतं झालं. बाकी वाचणाऱ्यांसाठी, जुन्या कागदावर जि. रत्नागिरी असेल आणि तालुका सावंतवाडी, कुडाळ, मालवण असेल तर ते आता सिंधुदुर्गात, तोही १९८१ सालीच वेगळा झाला. ‘दक्षिण सातारा’ म्हणजे सांगली. गाव नकाशावरच नसेल तर धरणात गेलंय का बघा, कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावांतली माणसं पार रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत वसवलीत. घाटावर, कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवतात आणि म्हणून दाखवतात, आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की पूर्वी तीर्थाला आलेल्यांची नोंद वहीत मिळू शकते. ज्यांच्या घरचं कोणी तिकडे गेलेलंच नाही त्यांना अर्थात उपयोग नाही.

आता दाराचं. माझी चूक सांगते. कामाला लागून दोनच वर्षं झालेली, एका घरी मी ओटीवर बसल्या बसल्या पिशवीतून फेरफाराची नक्कल काढली आणि ‘हे तुमचेच आजोबा ना?’ म्हणून पुढे केली. मला वाटलं किती हुशारीने शोधलं आपण. म्हातारे गृहस्थ कागदाकडे बघतच राहिले. आतून बाई पाणी घेऊन आली होती, चहाचं आधण ठेवलेलं मला ऐकू आलं होतं. तो चहा बाहेर आलाच नाही. ‘मुलगा मुंबईला असतो, त्याच्याशी बोला’ म्हणाले आणि उठले. त्या घराशी पुढचा शब्द बोलायला तीन वर्षं गेली, तेही त्यांच्या जावयामार्फत. तेव्हापासून कागद पिशवीत सुद्धा नेत नाही, गाडीत ठेवते.

म्हणून मी सांगते काकाकडे जाऊ नका, आधी आत्याकडे जा. बापाची बहीण. बहुतेक वेळा तिने हक्कसोड करून दिलेली असते, त्यामुळे तुम्ही आल्याने तिचं काही जायचं नसतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतका हक्क आला हे तिला कोणीतरी सांगितलेलंही असतं आणि त्यावरून भावांशी तिचं थोडं वाजलेलंही असतं, तेव्हा तुमची बाजू तिला पटकन कळते. आणि तिला भाऊ आठवतो. काकाला वाटणी आठवते, आत्याला तो आंब्यावरून पडलेला आठवतो. तुमच्या आईला साडीची गोष्ट आठवतेय म्हणजे तिकडेही काहीतरी नक्की आठवत असणार. आत्या नसेल तर तिची मुलगी. नंतर आत्याच काकाला फोन करेल, आणि तिने केलेला फोन वेगळा असतो.

पहिल्यांदा फोन नको, पत्र बरं. फोनवर माणूस गांगरतो आणि गांगरला की नाही म्हणतो. साधं, हाताने लिहिलेलं, अर्ध्या पानाचं. ‘ती. स्व. आत्यास सा. न. मी तुमच्या भावाचा मुलगा. दादा अमुक साली वारले. ते तुमच्याविषयी बोलायचे. मला आणि आईला एकदा तुम्हाला भेटायचं आहे, दुसरं काही काम नाही.’ वडिलांचा एक फोटो जोडा, तरुणपणचा, म्हातारपणचा नको, तिला तो तरुणच माहितेय. खाली फोन नंबर. ‘मला जमीन नको’ असं लिहू नका, मोठी चूक, नको म्हणालात की विषय तुम्हीच काढलात. ‘दुसरं काही काम नाही’ एवढं पुरे.

पत्र पोचल्याची बातमी गावात तुमच्या आधी फिरेल. दोन-तीन आठवडे थांबा. काही आलं नाही तर मंडळातल्या कोणा वयस्कर माणसाला सांगून निरोप द्या, एकदाच. वारंवार नाही. काही घरांना सहा महिने लागतात, आणि काही घरं खरंच दार उघडत नाहीत, तेव्हा ते मान्य करावं लागतं, त्यांनाही तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे.

बोलावणं आलं तर गणपतीत जाऊ नका. लोक उलट सांगतील की गणपतीला सगळे भेटतात. तेच तर वाईट. मूळ घरात चाळीस माणसं, सगळी भावकी बघतेय, अशा वेळी घरातल्या मोठ्याला तुमच्याशी कसं वागायचं ते चारचौघांत ठरवावं लागतं, आणि चारचौघांत माणूस कडकच वागतो. साधा दिवस घ्या, मंगळवार-बुधवार, दुपारी चारच्या सुमारास. आईला पहिल्या वेळी न्यायचं की नाही ते आत्याला विचारून ठरवा, आणि आईलाही विचारा, तिला कदाचित जायचंच नसेल आणि ते तिने ४५ वर्षं कोणाला सांगितलेलं नसेल.

एक तयारी मनाची. भाऊ गेल्याचं तिला पत्रातून कळलेलं असलं तरी तुम्हाला बघून ती रडेल आणि त्याच दमात शिव्या देईल, की कळवलं का नाही, सुतकसुद्धा पाळू दिलं नाहीत. ‘तुमचा पत्ताच नव्हता’ हे खरं असलं तरी त्या वेळी बोलू नका. ऐकून घ्या. नंतर तीच भात वाढेल.

पहिल्या भेटीत कशावर सही करायची नाही आणि काही मागायचंही नाही. भावनेच्या भरात हक्कसोड लिहून देणारे मी पाहिलेत, ‘आता आपलं जमलंय तर हे पण करून टाक’ म्हणून पुढच्याच महिन्यात सब-रजिस्ट्रारकडे नेतात. तुम्हाला वाटा घ्यायचा असो किंवा सोडायचा असो, ते वर्षभराने, वकिलाला दाखवून. आणि घ्यायचाच आहे असं आत्ताच ठरलेलं असेल तर मग प्रामाणिकपणे सरळ वकिलाकडून जा, आत्याच्या पदराआडून जाऊ नका.

आज रविवार आहे. ट्रंक काढा, आईला चहा करून द्या आणि बसा. मनीऑर्डरची पोचपावती निघाली तर शिक्क्यातली जी अक्षरं वाचता येतील ती इथे लिहा, नाव-पत्ता न टाकता. महाड-माणगावकडची पोस्टं मला बरीच पाठ आहेत, दोन अक्षरांवरून पण सांगता येईल.